पाय हलला म्हणून पेढे

पंधरा वर्षं मी नववीच्या वर्गाला विज्ञान शिकवलं. त्यात प्रतिक्षिप्त क्रियेचा भाग मला इतका पाठ होता, की पुस्तक न उघडता मी फळ्यावर मेरुरज्जूची आकृती काढत असे. गरम तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि चटका मागाहून कळतो, कारण तेवढं काम पाठीचा कणा मेंदूला न विचारता उरकून टाकतो. हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही. परीक्षेत कुणी हा प्रश्न चुकवला, तर मला मनापासून राग यायचा. एवढं घोकून घेतलं तरी डोक्यात शिरत नाही म्हणजे तुमचं लक्ष असतं कुठं, असं मी वर्गात उभी राहून विचारायचे.

तोच प्रश्न मला कुणीतरी विचारायला हवा होता. कारण माझा स्वतःचा पाय मेंदूला न विचारता हलला, तेव्हा मी ढसाढसा रडले आणि सासूबाईंनी तोंडात कोंबलेला अख्खा कंदी पेढा खाल्ला. त्या पेढ्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. हे सगळं त्या रागातूनच लिहिते आहे, तेव्हा माझ्याकडून फार समंजसपणाची अपेक्षा कुणी ठेवू नये.

आमचं गाव साताऱ्याजवळ, हायवेला लागून. माझे मिस्टर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुरक्षारक्षकांवर देखरेख करू लागले. माझी शाळा त्यांच्या वाटेवर, म्हणून सकाळी ते मला स्कूटरवरून सोडत. त्या दिवशी मी नेहमीसारखी एका बाजूला पाय सोडून बसले होते, मांडीवर तपासलेल्या वह्यांची पिशवी होती. आदल्या दिवशी गावातल्या मंडळींनी रस्त्यावर आपणहून एक स्पीडब्रेकर घातला होता. पांढरा पट्टा नाही, पाटी नाही, नुसता वीतभर उंचवटा. गाडी उडाली आणि मी मागच्या मागे डांबरावर आपटले. मिस्टरांना खरचटलंही नाही. माझा मणका मोडला, आतला मेरुरज्जू चेपला आणि कमरेखालचं अंग गेलं. स्पीडब्रेकर घालणारे सगळे नंतर शहाळी घेऊन मला बघायला येऊन गेले. पट्टा मात्र त्यांनी अजून मारलेला नाही.

ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मिस्टरांना व्हरांड्यात बोलावलं आणि काय ते सांगितलं. मला कुणी काही सांगितलं नाही. मणका माझा, पाय माझे आणि बातमी दुसऱ्याला. मिस्टर आत आले ते कोरडं तोंड घेऊन. म्हणाले, वेळ लागंल, पण एकदम फिट होशील. बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस खोटं बोलताना टाचा जुळवून उभा राहतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मला खरं सांगितलं ते फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीनं. ती साताऱ्याहून आठवड्यातून दोनदा स्कूटीवर यायची. दुसऱ्याच खेपेला मी तिला सरळ विचारलं, की मी चालेन का. ती माझ्या पलंगावर टेकली आणि म्हणाली, की काही परत यायचं असतं तर आतापर्यंत थोडं तरी दिसलं असतं, चालण्याची शक्यता फार कमी आहे. "पण शाळेत जाता येईल, मॅडम. शिकवायला पाय लागत नाहीत. खांदे लागतील, खुर्चीची चाकं फिरवायला." मग तिनं मला दोन्ही बाजूंना हात रोवून, दर अर्ध्या तासानं बूड उचलायला शिकवलं, कारण ज्या कातडीला कळत नाही ती दाबून राहिली की सडते. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी खांद्यांचा व्यायाम सुरू केला.

चाकांची खुर्ची आली ती मिस्टरांच्या पलटणीतल्या मित्रांकडून. दोघे जण जीपमध्ये घालून घेऊन आले, चांगली हलकी, घडीची खुर्ची. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मला आतल्या खोलीत स्वच्छ ऐकू आला.

"ती आत आणायची न्हाई. एकदा का खुर्ची उंबऱ्याच्या आत आली, की बाई तिच्यातच बसून ऱ्हाती. आमच्या घरातलं माणूस चालणार हाय."

मला वाटलं, मिस्टर काहीतरी बोलतील. सरहद्दीवर दहा-बारा जवानांची तुकडी सांभाळलेला माणूस. मित्रांना चहा पाजून त्यांनी वाटेला लावलं आणि खुर्ची ट्रॅक्टरच्या शेडमध्ये नेऊन, खताची पोती उसवून केलेल्या ताडपत्रीखाली झाकून ठेवली. पुढं दहा महिने ती तिथंच होती. कोंबड्या तिच्या बैठकीवर अंडी घालत आणि सासूबाई रोज सकाळी जाऊन ती गोळा करून आणत. त्या अंड्यांची पोळी मला ताकद यावी म्हणून खायला मिळायची.

आमच्याकडं कुणी आजारी पडलं, की बघायला जायचा रिवाज आहे. रिवाज चांगला, पण बघायला येणारा माणूस उपाय सांगितल्याशिवाय उठत नाही, ही त्यातली गोम. बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायचा, पायाचा अंगठा दाबून "कळतंय का?" विचारायचं आणि मी नाही म्हटलं की माझ्याऐवजी मिस्टरांकडं बघून उपाय सुरू. कुणी तेल सांगे, कुणी देव सांगे. लोकांनी माझे अंगठे इतके दाबले, की ते माझे नसून गावाच्या मालकीचे आहेत असं मला वाटू लागलं.

त्यात एकदा हेडमास्तर आले. अंगठा न दाबणारे तेवढे एकटेच. म्हणाले, बाई, जूनला हजर व्हा. नववीचे दोन्ही वर्ग खाली आणतो, पायरीवर सिमेंटचा उतार करून घेतो, फळा दोन फूट खाली घेतो. तुम्ही फक्त खुर्चीवरून या. जूनपर्यंत तुमची जागा मी कुणाला देत नाही, त्यापुढं मात्र माझ्या हातात नाही. तेवढ्यात मिस्टर म्हणाले, "सर, उतार कशाला? जूनला ती चालत येईल." हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली आणि गप्प बसले. आयुष्यभर पोरांना तोंड उघडा, तोंड उघडा म्हणून ओरडलेली मी, माझ्या जन्माच्या प्रश्नावर गप्प बसले.

कारण तोवर सांगलीचा पत्ता घरात आला होता. मिस्टरांच्या आत्तेभावानं आणला. सांगलीत एक सुईवाले डॉक्टर आहेत, ॲक्युपंक्चर करतात, तुटलेली नस पुन्हा वाढवतात. फिजिओवाल्या मुलीला मी विचारलं, तर ती चिडली नाही. तिनं सांगितलं, की उंदरांवर असे प्रयोग झालेत आणि त्यात काही चांगलं दिसलंय म्हणतात, ते खोटं नाही. पण माणसाच्या मेरुरज्जूत सुयांनी नवे तंतू वाढतात आणि माणूस चालतो, हे अजून कुणी पक्कं दाखवलेलं नाही. दुखणं कमी व्हायला काहींना उपयोग होतो. मी हे सगळं मिस्टरांना सांगितलं. त्यांनी त्यातलं "चांगलं दिसलंय" तेवढं ऐकलं.

सुईवाल्यांचं केंद्र हळदीच्या एका गोदामावर, पहिल्या मजल्यावर होतं. जरा विचार करा. ज्यांचे पाय गेलेत अशा माणसांवर इलाज करायचा आणि बसायचं पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मिस्टर मला पाठुंगळीला घेऊन त्या जिन्यानं चढायचे. माझे पाय त्यांच्या दोन्ही अंगांना लोंबत आणि खालून हळदीचा खकाणा नाकात जाऊन मला शिंका येत. शिंकताना पोटाला आधार नसल्यामुळं मी पाठीवरून घसरायचे. वर आधीच दोघे-तिघे तसेच पाठीवरून आलेले असत.

सुईवाले ओरडणारे, खोटी दाढी लावल्यासारखे भोंदू असते, तर मला सोपं गेलं असतं. ते मृदू बोलत. हात स्वच्छ, सुया नव्या, बोलणं समजुतीचं. भिंतीवर उंदराचं मोठं चित्र होतं, डावीकडं कणा तुटलेला उंदीर, उजवीकडं पळणारा उंदीर. मिस्टरांचा ऊस आहे हे कळल्यावर त्यांनी एका वाक्यात आमचं घर जिंकलं. म्हणाले, "ऊस तोडला तरी खोडव्याला कोंब येतोच की नाही? तशीच नस. मुळाला जाग आली पाहिजे." झालं. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून दुसरं पीक येतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. त्या दिवसापासून मिस्टर येईल त्याला सांगू लागले, की खोडवा फुटायचा हाय, जरा कळ काढायची. मी मनात म्हणायचे, मी ऊस नाही आणि उंदीरही नाही. पण मनातच म्हणायचे.

आठवड्यातून दोन वाऱ्या. आत्तेभावाच्या गाडीतून जायला तीन तास, यायला तीन तास. माझ्या लघवीला नळी आणि पिशवी. कराडजवळ सगळे चहाला उतरत, मी गाडीतच. हायवेवरच्या एकाही हॉटेलच्या बाईमाणसांच्या मोरीला पायऱ्या नाहीत असं नाही. दोन पायऱ्या, वर एक उंबरा, दार एवढंसं. पिशवी रिकामी करायची कुठं, म्हणून मी त्या दिवशी पाणीच प्यायचे नाही. दोनदा जंतुसंसर्ग होऊन थंडीतापानं फणफणले. सुईवाल्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, शरीर जागं होताना ताप येतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. मानेत आणि खांद्यात सुया टोचायला लागल्यापासून माझे खांदे दुखायचे कमी झाले. मला झोप लागू लागली. ते जर म्हणाले असते, की बाई, मी तुमचे खांदे सांभाळतो, तुम्ही खुर्ची चालवा, तर मी आजही त्यांचं नाव आदरानं घेतलं असतं. पण खांद्यांचं त्यांना कौतुकच नव्हतं. मी सांगितलं की ते मान हलवायचे आणि परत पायाकडं वळायचे.

फेब्रुवारीत एका दिवशी त्यांनी पायातल्या सुयांना चिमटे लावले, चिमट्यांच्या तारा एका छोट्या यंत्राला जोडल्या आणि बटण फिरवलं. माझा उजवा पाय उडाला. मिस्टरांच्या हातात मोबाइल होता, ते प्रत्येक खेपेला चित्रण करायचे. त्यांचा आवाज चिरकला. "हलला. हलला. बगा, बगा, हलला." यंत्रातून वीज सोडली तर मेलेल्या बेडकाचा पायही उडतो, हे मी वर्गात स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं आहे. त्या क्षणी मला बेडूक आठवला नाही. मला फक्त माझा पाय दिसत होता.

घरी आल्यावर तर कमालच झाली. यंत्र नाही, सुया नाहीत, तरी चादर बदलताना पाय झटका देऊन वर आला. सासूबाईंनी हंबरडा फोडला. मिस्टर स्कूटर काढून साताऱ्याला गेले आणि कंदी पेढ्यांचे पुडे घेऊन आले. अर्ध्या गावात पेढे वाटले. मोबाइलमधलं चित्रण नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलं, तिथून पलटणीच्या, तिथून कुठं कुठं. दारात नारळ फुटला. मी पलंगावर बसून रडत पेढा खाल्ला आणि माझ्या पायाला हात जोडले. नववीतलं एखादं पोर तिथं असतं, तर त्यानं हात वर करून सांगितलं असतं, बाई, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मेंदूकडून येणारा दाब सुटला, की खालचा कणा आपल्या मनानं पाय उडवतो.

फिजिओवाल्या मुलीनं तेच सांगितलं. तिनं डोळे मिटायला लावले आणि पाय कधी उडतो ते सांगा म्हणाली. मी डोळे मिटून बसले. मला वाटलं, अजून तिनं हात लावलेला नाही. डोळे उघडले तेव्हा ती म्हणाली, चार वेळा उडाला. तेव्हा मला सगळं कळलं. खरं तर आधीच कळलेलं होतं, फक्त कळून घ्यायचं नव्हतं. पेढ्याचा पुडा उशाशी तसाच होता. मी तो भिंतीवर फेकला.

रात्री जेवताना मी मिस्टरांना शांतपणे समजावलं. आकृती काढून दाखवली. ते वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "पण हलला तर खरं ना." दुसऱ्या दिवशी गाडी सांगलीला निघाली आणि मी गाडीत होते. का होते, हे मला विचारू नका. एकदा हललं म्हटल्यावर आशा मरत नाही, ज्ञानानं तर मुळीच मरत नाही. त्यात मिस्टरांचा चेहरा. त्या पायाकडं बघताना तो माणूस माझ्याकडं कधी बघतच नव्हता. अपघातानंतर माझ्या डोळ्याला डोळा देऊन ते एक वाक्य बोलले असतील तर शपथ.

एप्रिलच्या शेवटाला ते झालं. सुया टोचून झाल्यावर पोटरीवर शेक द्यायचा लाल दिवा लावला होता. सुईवाले दुसऱ्या पेशंटकडं गेले. मिस्टर स्टूलवर बसून माझ्या अंगठ्यावर नजर रोखून होते, कारण तो त्या दिवशी हलेल असं सुईवाले म्हणाले होते. मी पालथी पडले होते. मला काहीच कळत नव्हतं आणि मिस्टरांना अंगठ्याशिवाय काही दिसत नव्हतं. वास आला तो शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला. त्यानं विचारलं, काय करपतंय. दिवा बाजूला केला तेव्हा पोटरीवर तळहाताएवढा फोड आला होता आणि मधली कातडी पांढरी पडली होती.

सुईवाल्यांनी येऊन बघितलं. मला विचारलं, "गरम लागलं का?" मी म्हटलं, नाही. ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, "फोड येणं वाईट नाही. रक्त पोचतंय, म्हणून फोड आला."

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते मला त्या वेळी कळलं. माझं अंग अर्धंच होतं, पण होतं तेवढं सगळं पेटलं. मी त्या खाटेवर पालथी पडल्या पडल्या त्यांना म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या भिंतीवरच्या उंदराची तरी एवढी हेळसांड कुणी केली नसेल." त्यांनी अत्यंत हळुवार हातानं मलम लावलं. मिस्टर मला पाठीवर घेऊन जिना उतरले.

जखम खोल निघाली. साताऱ्याच्या दवाखान्यात मांडीची कातडी काढून पोटरीला लावली. त्यात गाडीतल्या बैठकीनं माकडहाडावरही घाव धरला होता, तो तेव्हा ध्यानात आला. त्यामुळं अडीच महिने पालथं पडून राहायचं. जून आला. सकाळी रस्त्यावरून नवी दप्तरं घेतलेली पोरं जाताना ऐकू यायची आणि मी उशीत तोंड घालून पडलेली. हेडमास्तरांनी निरोप पाठवला, की वर्षापुरत्या दुसऱ्या बाई घेतल्या आहेत, नाइलाज झाला. उतार त्यांनी करून ठेवला होता. त्यावरून पोरं सायकली पळवतात, असं मला एका विद्यार्थिनीनं सांगितलं.

माझं एक वर्ष गेलं. ते जखमेनं गेलं असं सगळे म्हणतात. मी तसं म्हणत नाही. चांगली हलकी खुर्ची दारात आलेली असताना ती कोंबड्यांना दिली, म्हणून गेलं.

जखम भरल्यावर, ऑगस्टमध्ये, मी मिस्टरांना म्हटलं, "आज ती खुर्ची आत आली नाही, तर उद्या सकाळी मी सरपटत शेडमध्ये जाईन. भर रस्त्यानं, गावाच्या देखत." ते उठले. खुर्ची हौदापाशी नेऊन ब्रशनं घासून धुतली, चाकांना तेल दिलं आणि उंबऱ्यावर दोन फळ्या टाकून आत आणली. सासूबाई दोन दिवस भिंतीकडं तोंड करून बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाजाराची पिशवी खुर्चीच्या दांड्याला अडकवली आणि म्हणाल्या, चल, आळीच्या टोकाला भाजी आल्या. पुन्हा त्या विषयावर आमचं बोलणं झालं नाही. सांगलीही बंद झाली. मिस्टरांनी कबूल काहीच केलं नाही, फक्त जाणं थांबवलं.

थंडीच्या दिवसांत एक गृहस्थ मोटारसायकलवरून आले. पन्नाशीचे, डोक्याला मफलर. मलकापूरहून तुमचा पत्ता शोधत आलो म्हणाले. त्यांची मुलगी गच्चीवरून पडली होती, तीन महिने झाले होते, कमरेखाली काही नाही. बोलता बोलता सांगितलं, की टाकीत पानी किती हाय बघ म्हणून मीच तिला वर धाडली. मग त्यांनी मोबाइल काढून मला दाखवला. माझे पाय, सुया, तारा, उडणारा पाय आणि मिस्टरांचा आवाज, "हलला, हलला, बगा." खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, की तुटलेला मज्जारज्जू पुन्हा जोडला. सुईवाले माझा पाय सगळ्या पेशंटांना दाखवत होते. मला विचारलं नव्हतं. भाजलेली पोटरी त्यात अर्थातच नव्हती.

गृहस्थ माझ्या खुर्चीकडं बघत होते आणि त्यांना हिशेब लागत नव्हता. त्यांनी विचारलं, "पण हलला हुता ना, ताई?"

मी म्हटलं, आजही हलतो. साडी सारखी करून मी गुडघ्याखाली हाताच्या कडेनं टोला दिला. पाय टणकन उडाला. मी म्हटलं, मला यातलं काहीही कळलेलं नाही, उडाला हेसुद्धा डोळ्यांनी दिसलं म्हणून माहीत. त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजी आत कायतरी जिवंत हाय की."

मग मी ते बोलले, जे मला व्हरांड्यातून आत येऊन कुणी सांगितलं नव्हतं. तुमची मुलगी उठून बसेल, शिकेल, नोकरी करेल. चालेल असं मला वाटत नाही. सुयांनी चालेल असं तर नाहीच. तिला आधी खुर्ची द्या, दर अर्ध्या तासानं बूड उचलायला शिकवा. पोटरीचा डाग मी त्यांना दाखवला. ते ताडकन उठले. म्हणाले, "तुमी शिकल्याल्या बाई. तुमच्या तोंडातनं पोरीच्या बापाला असं यावं?" आणि बाहेर गेले. मी खुर्ची दारापर्यंत आणली. ते पायरीपाशी उभे राहून सांगलीचा नंबर लावत होते.

मिस्टर इतका वेळ आतल्या खोलीच्या दारात उभे होते. ते माझ्या बाजूनं पुढं गेले आणि पायरीवर जाऊन बसले. पाठ माझ्याकडं होती. त्या माणसाला त्यांनी हातानं बसायची खूण केली.

"ऐका माझं," ते म्हणाले. "गाडी मी चालवत हुतो. ते टेकाड मला दिसलं न्हाई. म्हणून मला तिचा पाय हलल्याला दिसला. तुमाला बी दिसंल, पर ते हलणं तिचं नसंल."

त्या माणसानं फोन कानापासून खाली घेतला. मी दारात तशीच. दीड वर्षात त्यांनी हे वाक्य मला एकदाही म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं ते मलकापूरच्या एका अनोळखी माणसाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हे मला सांगायचं होतं," मी म्हटलं.

ते वळले नाहीत. "तुलाच सांगतोय," म्हणाले.